किवीची वेल किती मोठी होते? मांडव, काडी आणि कात्रीचा एक पाठ



पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला, की फळवाल्याकडून हमखास दोन-चार किवी आणल्या जातात. हल्ली मुलांच्या डब्यातही किवीच्या फोडी दिसतात. फळ ओळखीचं झालं, पण ते लागतं कशावर, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलंय. मग वर्गात प्रश्न येतो, "किवीचं झाड केवढं असतं? आंब्याएवढं की पेरूएवढं?"

आपण पटकन सांगतो, "अरे, झाड नसतं, वेल असते. नऊ-दहा मीटर वाढते." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. किवीच्या बागेत गेलात, तर नऊ मीटर उंच असं काहीच दिसणार नाही. दिसेल ते माणसाच्या डोक्याच्या जरा वर पसरलेलं हिरवं छत, आणि त्याखाली लटकलेली तपकिरी, लवदार फळं. मग ते नऊ मीटर गेले कुठे? या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर खोड, पेर, मुकुल, फूल, परागण आणि थोडं गणितही एकाच वेलीवर शिकवता येतं.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे. "घरच्या घरी किवी" असं सांगून कुंडीतली रोपं आपल्याकडेही विकली जातात, आणि पालक हौसेनं घेतात. असं रोप घ्यावं का, याचं उत्तरही या पाठाच्या शेवटी मिळेल.

१. वेल, पण कसली?

वृक्ष, झुडूप, रोपटं आणि वेल हे प्रकार आपण शिकवतो. वेल म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर काकडी, कारलं, भोपळा येतो. मऊ, हिरवं, एका हंगामात संपणारं खोड. किवी त्यातली नाही. तिचं खोड वर्षागणिक जाड आणि लाकडासारखं टणक होत जातं, आणि नीट सांभाळलेली वेल कित्येक दशकं जगते. सह्याद्रीच्या जंगलात गारंबीचा वेल पाहिला असेल, तर लाकडी खोडाची वेल म्हणजे काय ते लगेच कळेल.

आता वेल चढते कशी ते बघा. काकडी, दोडका, द्राक्ष यांना तणावे असतात. स्प्रिंगसारखा तो तणावा आधाराला धरतो आणि खोड मागोमाग वर जातं. मनीप्लँट किंवा मिरवेल खोडावरच्या मुळांनी चिकटून चढते. किवीकडे यातलं काहीच नाही. तिच्या कोवळ्या फुटीचा शेंडा हवेत गोल गोल फिरत आधार शोधतो, आणि काही सापडलं की सबंध फूटच त्याभोवती पीळ घालते. आपल्या अंगणातली गोकर्ण किंवा वालाची वेल अशीच चढते. आधार मिळाला नाही, तर किवीच्या फुटी एकमेकींनाच पीळ घालतात आणि गुंता होतो. हा गुंता लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

या कोवळ्या फुटींवर लालसर लव असते. पानं मोठी, गोलसर, तळहाताएवढी किंवा त्याहूनही मोठी आणि लांब देठाची. हिवाळ्यात पानं गळून जातात, म्हणजे ही पानझडी वेल आहे.

मुलांना आवडेल अशी एक गंमत. मांजरांना किवीच्या वेलीचा आणि मुळांचा वास फार आवडतो. ती लहान रोपांवर लोळतात, रोपं कुरतडतात. म्हणून काही ठिकाणी नव्या रोपांभोवती जाळी लावावी लागते.

२. एका मुख्याध्यापिकेनं आणलेलं बी

किवीचं मूळ घर चीन. तिथल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या डोंगराळ जंगलात ती झाडांवर चढत वाढते. तिचं चिनी नाव 'मिहौताओ'. त्याचा अर्थ माकडाचं पीच असा सांगतात.

१९०४ साली न्यूझीलंडमधल्या वांगानुई इथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर चीनमधल्या यीचांगहून परत आल्या, तेव्हा त्यांनी सोबत या फळाचं बी आणलं. त्यातून वाढलेल्या वेलींना १९१० साली वांगानुईत पहिली फळं लागली. पुढे ऑकलंडचे रोपवाटिकाचालक हेवर्ड राइट यांनी मोठ्या फळांची एक वेल निवडून वाढवली. तीच आजची 'हेवर्ड' जात. त्या काळी या फळाला 'चायनीज गूसबेरी' म्हणत. 'किवीफ्रूट' हे नाव १९५९ साली व्यापारासाठी दिलं गेलं. म्हणजे एका शिक्षिकेच्या सामानातल्या मूठभर बियांतून पुढे एका देशाचा मोठा फळव्यवसाय उभा राहिला. वर्गात हे आवर्जून सांगा!

पण बी आणणं हा सोपा भाग होता. जंगलात झाडावर चढणारी वेल बागेत आणायची, तर तिला झाडाच्या जागी दुसरा आधार द्यावा लागणार. तो आधार म्हणजे मांडव.

३. "केवढी?" या प्रश्नाची तीन उत्तरं

मुलांना सांगताना ही तीन मापं वेगवेगळी ठेवली, की गोंधळ होत नाही.

पहिलं माप, निसर्गातलं. मोठ्या झाडाचा आधार मिळाला, तर वेल नऊ-दहा मीटर उंच जाते. साधारण तीन मजली इमारतीएवढी.

दुसरं माप, एका हंगामातलं. जोमदार वेलीची एक नवी फूट वसंतापासून शरदापर्यंत सहज तीन-चार मीटर वाढते. आणि अशा फुटी एका वेलीवर कितीतरी असतात. सगळ्याच लांबतात असं नाही. काही आखूड फुटी थोडी पानं काढून आपोआप थांबतात, तर काहींचा शेंडा वाढतच राहतो. जुन्या लाकडातून सरळ उभ्या उसळणाऱ्या फुटी तर सगळ्यांत दांडग्या.

तिसरं माप, बागेतलं. मांडवावरच्या एका पूर्ण वाढलेल्या वेलीला साधारण ५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद जागा देतात. म्हणजे २५ चौरस मीटर. उंची मात्र जेमतेम १.८ ते २ मीटर.

आता आपल्या ओळखीच्या पिकाशी तुलना करू. नाशिककडच्या द्राक्षबागेत एक वेल ९ बाय ५ फुटांवर लावलेली नेहमी दिसते. म्हणजे ४५ चौरस फूट, साधारण सव्वाचार चौरस मीटर. एका किवीच्या जागेत सहा द्राक्षवेली मावतील!

ही तिन्ही मापं खरी आहेत. पहिलं वेलीच्या स्वभावाचं, दुसरं तिच्या जोमाचं, आणि तिसरं माणसानं ठरवलेलं. किवीच्या बागेतलं सगळं काम म्हणजे दुसऱ्या मापाला तिसऱ्यात बसवणं.

४. मांडव: उंची कुणाच्या सोयीची?

किवीसाठी मुख्यतः दोन प्रकारचे मांडव वापरतात.

एक, 'टी' आकाराचा. ओळीत पाच-सहा मीटरवर भक्कम खांब, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दीड-दोन मीटरचा आडवा दांडा, आणि त्या दांड्यांवरून ओळीच्या लांबीनं ताणलेल्या तीन ते पाच तारा. मधली तार मुख्य. वेल त्या मधल्या तारेवर वाढते आणि तिच्या काड्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या तारांवर टेकतात.

दुसरा, सपाट मांडव. द्राक्षाच्या मांडवासारखा, संपूर्ण बागेवर तारांचं सलग छत. खर्च जास्त येतो, पण पानांचं छत एकसारखं पसरतं, फळं खाली मोकळी लटकतात आणि वाऱ्यानं एकमेकांवर घासत नाहीत.

दोन्हींची उंची १.८ ते २ मीटरच का? मुलांना विचारा. "कारण वेल तेवढीच वाढते" असं उत्तर हमखास येईल. खरं कारण वेगळं आहे. खाली उभं राहून माणसाचा हात फळापर्यंत, काडीपर्यंत, फुलापर्यंत पोचला पाहिजे. छाटणी, विरळणी, तोडणी ही सगळी कामं हातानं होतात. म्हणजे मांडवाच्या उंचीचं माप वेलीचं नाही, माणसाचं आहे.

खांब आणि तारा भक्कम हव्यात. लाकडी खोड असलं, तरी किवीची वेल स्वतःचा भार पेलू शकत नाही. पानं, काड्या, फळं आणि पावसाचं पाणी, सगळा भार मांडवावर येतो. म्हणून मांडव आधी उभारायचा आणि वेल मग चढवायची.

५. सांगाडा कसा घडतो?

इथे द्राक्षबागायतदारांचेच शब्द वापरू, कारण ते नेमके आहेत. खोड, ओलांडा, काडी, डोळा. ओलांडा म्हणजे तारेवर आडवी पसरलेली कायमची फांदी. काडी म्हणजे गेल्या हंगामात वाढून पक्व झालेली फूट. डोळा म्हणजे काडीवरचा मुकुल, पुस्तकी भाषेत कक्षस्थ मुकुल.

*पहिलं वर्ष.* रोपाची सर्वांत जोमदार एकच फूट ठेवतात आणि ती बांबूला सैल बांधत सरळ वर नेतात. बांबूला पीळ घालू देत नाहीत. कारण पुढे खोड जाड होतं, तेव्हा तो पीळच त्याला आवळतो. फुटीचा शेंडा बारीक होऊन वेडावाकडा वळू लागला, की तिचा जोम संपत आला असं समजून ती मागे, सरळ भागापर्यंत कापतात. खालून नवी जोमदार फूट येते.

*दुसरं वर्ष.* खोड तारेपर्यंत पोचलं, की शेंडा खुडतात. शेंडा गेल्यावर खालचे डोळे जागे होतात. अग्रमुकुल काढल्यावर बाजूचे मुकुल वाढतात, हे आपण पुस्तकात शिकवतो, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. त्यातल्या दोन फुटी मधल्या तारेवर विरुद्ध दिशांना नेतात. हे झाले दोन ओलांडे. वेलीचा आकार आता इंग्रजी 'टी' अक्षरासारखा.

*तिसरं वर्ष.* ओलांड्यांवरून दोन्ही बाजूंना, काटकोनात, काड्या घेतात आणि बाहेरच्या तारांना बांधतात. वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखी रचना. मधला कणा म्हणजे ओलांडे, आणि बाजूचे काटे म्हणजे काड्या.

*त्यानंतर.* कलमी वेलीला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं यायला लागतात, आणि सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण उत्पादन मिळतं.

खोड आणि ओलांडे कायमचे. काड्या मात्र बदलत राहायच्या. का, ते पुढच्या भागात. हा पाठाचा गाभा आहे.

६. फळ नेमकं कुठे लागतं?

आंब्याला मोहोर फांदीच्या टोकाशी येतो. फणस थेट खोडावर लागतो. किवीचं काय?

किवीचं फळ जुन्या लाकडावर लागत नाही. गेल्या वर्षी वाढलेली काडी घ्या. वसंतात तिच्या डोळ्यांतून नव्या फुटी निघतात. या नव्या फुटींच्या बुडाकडच्या काही पानांच्या बगलेत फुलं येतात, आणि तिथेच फळं धरतात. म्हणजे क्रम असा: गेल्या वर्षीची काडी, तिच्यावर या वर्षीची फूट, आणि फुटीवर फळ.

आता महत्त्वाची गोष्ट. नव्या फुटीच्या ज्या पेरांवर फूल आलं, त्या पेरांवर पुढच्या वर्षासाठी डोळा राहत नाही. ती पेरं आंधळी होतात. पुढच्या वर्षीच्या फुटी निघणार त्या शेवटच्या फळाच्या पुढच्या पेरांवरून. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी पुढून.

फळ्यावर एक आडवी रेघ काढा आणि मुलांना विचारा, "असं चार-पाच वर्षं चालू दिलं तर काय होईल?" उत्तर मुलंच देतील. फळ दर वर्षी खोडापासून लांब लांब जाईल. मधला सगळा भाग नुसतं लाकूड, ना पान, ना फळ. वेल मोठी होत जाईल आणि फळाचा भाग मांडवाच्या बाहेर निघून जाईल.

म्हणून छाटणी करतात. हिवाळ्यात वेल झोपलेली असताना फळ देऊन गेलेल्या जुन्या काड्या मागे कापतात किंवा काढून टाकतात, आणि ओलांड्याजवळून निघालेल्या नव्या, भर उन्हात वाढलेल्या काड्या त्यांच्या जागी तारेवर बांधतात. हे काम कडक थंडीतच उरकावं लागतं. उशीर झाला आणि वेलीत रस चढायला लागला, तर कापलेल्या जागेतून पाणी गळत राहतं.

उन्हाळ्यातही कात्री लागतेच. तेव्हा गुंता सोडवतात, शेंडे खुडतात, सरळ उभ्या उसळलेल्या फुटी काढतात. हेतू एकच, मांडवाखाली कवडसे पडले पाहिजेत. सावलीत वाढलेल्या काडीवरचे डोळे पुढच्या वर्षी नीट फुटत नाहीत आणि फुलंही कमी देतात. म्हणजे यंदाची दाट सावली पुढच्या वर्षीचं पीक खाते.

आपल्याकडच्या द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. किवीची मुख्य छाटणी एकच, हिवाळ्याची, कारण तिला खरी झोप घ्यावी लागते. या झोपेकडे आपण शेवटी येऊ.

७. छाटलीच नाही तर?

"झाडाला कापायचं कशाला? त्याला दुखेल ना!" लहान वर्गात हे कुणीतरी म्हणतंच. त्याला गप्प करू नका, प्रश्न चांगला आहे.

न छाटलेली वेल मरत नाही. उलट ती जोरात वाढते. पण दोन-तीन वर्षांत फुटींचा गुंता होतो, आतला भाग अंधारात जातो, फळं कमी आणि बारीक येतात, आणि मधमाश्यांना आतली फुलं सापडत नाहीत. न्यूझीलंडच्या बे ऑफ प्लेंटी भागात पक्ष्यांनी फळं खाऊन जंगलात बी टाकलं, तिथे रानटी किवीच्या वेली झाडांवर चढून त्यांना झाकून टाकतात. त्यामुळे तिथे त्या काढून टाकाव्या लागतात. ज्या देशाचं नाव या फळानं जगभर पोचवलं, त्याच देशात मांडव सोडून गेलेली वेल तण ठरते.

म्हणजे वेल स्वतःसाठी वाढते, तेव्हा तिला उंची आणि ऊन हवं असतं. आपल्याला फळ हवं असतं. छाटणी ही या दोन गरजांमधली तडजोड आहे. मुलाला असंच सांगा, त्याला पटतं.

८. नर वेल, मादी वेल

किवीत नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेलींवर येतात, पपईत बहुधा असतात तशी. मादी फुलात पुंकेसर दिसतात, पण त्यांतले परागकण निकामी असतात. नर फुलात अंडाशय नावापुरतंच. म्हणून बागेत साधारण आठ मादी वेलींमागे एक नर वेल लावतात. 'हेवर्ड', 'अ‍ॅबट', 'ब्रुनो', 'मॉन्टी' या मादी जाती. 'तोमुरी' ही नर जात.

फुलं पांढरी, मग पिवळसर होणारी. त्यांत मकरंद नसतो, फक्त पराग. त्यामुळे जवळपास दुसरी मकरंदाची फुलं असली, तर मधमाश्या तिकडे जातात. म्हणून फुलांच्या दिवसांत बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात.

नर वेलीची छाटणी फुलं संपल्या संपल्या करतात. तिचं काम झालेलं असतं, आणि तिनं मांडवावर अडवलेली जागा शेजारच्या मादी वेलींना मिळते. इथेही वेलीचा आकार तिच्या कामावरून ठरतो.

९. थोडं गणित (सहावी ते आठवीसाठी)

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एका वेलीला २५ चौरस मीटर.

१०,००० ÷ २५ = ४०० वेली.

दर नऊ वेलींत एक नर. ४०० ÷ ९ म्हणजे सुमारे ४४ नर, आणि ३५६ मादी.

पूर्ण वाढलेली मादी वेल ५० ते १०० किलो फळ देते. आपण ७० किलो धरू. ३५६ × ७० = २४,९२० किलो, म्हणजे जवळजवळ २५ टन.

एक फळ ७० ग्रॅमचं धरलं, तर ७० किलो म्हणजे १,००० फळं. एका वेलीवर हजार फळं! ती २५ चौरस मीटरवर पसरली, तर दर चौरस मीटरला ४० फळं आणि २.८ किलो वजन. मांडवाच्या तारा का भक्कम लागतात, ते आता आकड्यांतून कळलं.

१०. आपल्याकडे होईल का?

आता पालकांचा प्रश्न. गच्चीत, कुंडीत, अंगणात किवी लावावी का?

भारतातला किवीचा इतिहासच याचं उत्तर देतो. १९६० साली बंगळुरूच्या लालबागेत किवी लावली गेली. वेली वाढल्या, पण फळं आली नाहीत. मग १९६३ साली सिमल्याजवळच्या फागली इथल्या संशोधन केंद्रात काही जाती लावल्या. तिथे १९६९ साली फळं लागली. आज हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम, नागालँड आणि अरुणाचल प्रदेशात किवीच्या बागा आहेत. अरुणाचलचं झिरो खोरं त्यासाठी ओळखलं जातं.

बंगळुरूत काय कमी पडलं? थंडी. आपल्या नेहमीच्या हिरव्या किवीला हिवाळ्यात साधारण ७०० ते ८०० तास ७ अंश सेल्सिअसच्या खालचं तापमान लागतं. त्या थंडीत तिची झोप पुरी होते आणि वसंतात डोळे एकदम फुटतात. झोप अपुरी राहिली, तर डोळे नीट फुटत नाहीत आणि फुलं धरत नाहीत.

मुलांना हिशेब करू द्या. रोज रात्री ६ तास पारा ७ अंशांच्या खाली राहिला, तर ७०० तास पुरे व्हायला किती रात्री लागतील? ७०० ÷ ६, म्हणजे ११७ रात्री. जवळजवळ चार महिने! निफाडला काही रात्री पारा तेवढा उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात आणि त्याची बातमी होते. पण अशा ११७ रात्री महाराष्ट्रात कुठेच मिळत नाहीत.

तेव्हा कुंडीतलं रोप घेण्याआधी चार प्रश्न विचारा. थंडी आहे का? २५ चौरस मीटरचा मांडव आहे का? नर आणि मादी दोन्ही वेली आहेत का? आणि दर हिवाळ्यात कात्री चालवणारा हात आहे का? पहिल्याच प्रश्नाला "नाही" आलं, तर फळासाठी ते रोप घेऊ नका. विकणारा काहीही म्हणो, हवामान सवलत देत नाही. तोच मांडव असेल तर त्यावर द्राक्ष, पॅशनफ्रूट किंवा घोसाळी चढवा. मुलांना फुलापासून फळापर्यंतचा प्रवास खरोखर पाहायला मिळेल.

११. वर्गात काय करता येईल?

१. *खडूचा मांडव.* मैदानावर ५ मीटर बाजूचा चौरस आखा. मधोमध एक मुलगा उभा करा, तो खोड. त्याच्या दोन्ही बाजूंना हात पसरून उभ्या मुलांची ओळ म्हणजे ओलांडे. ओलांड्यांना काटकोनात दोन्ही बाजूंना दोऱ्या पसरा, त्या काड्या. शेजारी ९ बाय ५ फुटांचा आयत आखून द्राक्षवेल दाखवा.

२. *आंधळी पेरं.* कागदाच्या लांब पट्टीवर दहा पेरं काढा. पहिल्या वर्षी खालच्या पाच पेरांवर फळ चिकटवा आणि त्या पेरांवर फुली मारा. पुढच्या वर्षी फक्त फुली नसलेल्या पेरांना नवी पट्टी जोडता येईल. तिसऱ्या वर्षापर्यंत पट्टी बाकाच्या बाहेर जाते. मग एका गटाला कात्री द्या, दुसऱ्याला देऊ नका. दोघांच्या पट्ट्या शेवटी शेजारी ठेवून पाहा.

३. *पीळ पाहू.* वाल किंवा गोकर्ण पेरा, शेजारी काठी रोवा. शेंडा कोणत्या दिशेनं पीळ घालतो ते रोज टिपा. वेल हळूच सोडवून उलट्या दिशेनं गुंडाळा आणि दोन दिवसांनी काय होतं ते पाहा. शेजारीच काकडी लावली, तर तणावा आणि पीळ यांतला फरक आपोआप कळेल.

४. *किवीचं बी.* पिकलेल्या फळातल्या काळ्या बिया धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पेरा. काही बिया उगवतील. मुलांना आधीच सांगा की हे रोप नर की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि इथल्या हवेत फूल येणं अवघड. आपण पाहणार आहोत ते फक्त उगवण आणि पहिली पानं. जेवढं होणार आहे तेवढंच सांगितलं, की मुलांचा हिरमोड होत नाही.

विचार करा, उत्तरं द्या

- किवी आणि द्राक्ष या दोन्ही वेलींना मांडव लागतो. चढण्याच्या पद्धतीत फरक काय?
- मांडवाची उंची २ मीटर असण्याचं कारण तुमच्या शब्दांत सांगा.
- एका शेतकऱ्यानं फक्त मादी वेली लावल्या. काय होईल?
- तीन वर्षं न छाटलेल्या वेलीचं चित्र काढा आणि फळं कुठे असतील ते दाखवा.
- बंगळुरूत वेल वाढली, पण फळ आलं नाही. वाढणं आणि फळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट करा.

शेवटचा प्रश्न मोठ्या मुलांसाठी ठेवा. त्याचं उत्तर नीट लिहिता आलं, तर पाठ समजला असं खुशाल समजा. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, "किवीची वेल केवढी होते?" तर आधी उलट विचारा, "कुठली? जंगलातली की मांडवावरची?"